“मला तसं म्हणायचं नव्हतं!”

गॅदरिंग संपलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास उरतात. एक म्हणजे स्टेजमागे पडलेला थर्माकोलचा ढीग, आणि दुसरी म्हणजे फिशपॉन्डवरून झालेली भांडणं. थर्माकोल दुसऱ्या दिवशी शिपाईमामा उचलून नेतात. भांडणं मात्र सबमिशनपर्यंत पुरतात, काही तर बी.ई.पर्यंतसुद्धा!

दरवर्षी निवेदक सुरुवातीलाच सांगतो, “सगळ्यांनी हलकं घ्यायचं, कुणीही मनाला लावून घ्यायचं नाही.” मग चिठ्ठ्या वाचल्या जातात. कुणाच्या उंचीवर, कुणाच्या केटीवर, कुणाच्या ‘तिच्या’वर. जुन्या मंडळींच्या भाषेत शेलापागोटे. हॉल हसतो, शिट्ट्या पडतात. ज्याच्यावर चिठ्ठी असते तोही हसतो, कारण न हसून सांगतो कुणाला?

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये ज्या चिठ्ठीला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, ती माझी होती. ती माझ्या रूम पार्टनरवर होती. (हा लेख त्याला दाखवूनच दिला आहे. “लिही, पण नाव घालू नको,” एवढंच तो म्हणाला.) माझा पार्टनर बागलाणातला. घरी अहिराणी बोलतो. रात्री साडेनऊला त्याच्या आईचा फोन येतो आणि मग आमच्या रूममध्ये पंधरा मिनिटं अहिराणीचा तास भरतो. चिठ्ठीत मी लिहिलं होतं, की याचा घरून फोन आला की मोबाईलच्या टॉवरलाही दुभाष्या ठेवावा लागतो. पुढे त्याच्या बोलण्याची नक्कलही होती, ती आता पुन्हा छापत नाही.

तो हसला. रात्री मेसमध्ये माझ्याच शेजारी बसून जेवला. दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन आला, तेव्हा तो फोन घेऊन गच्चीवर गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. आठवडाभरानं मी विचारलं, “काय भो, रूममध्ये रेंज नाही का?” तो म्हणाला, “ती चिठ्ठी तुझीच ना? माय साडेनऊला फोन करते हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?”

आणि मी ते वाक्य बोललो, जे आपण सगळेच बोलतो. “अरे, मला तसं म्हणायचं नव्हतं!”

तो शांतपणे म्हणाला, “मग कसं म्हणायचं होतं?”

खरं सांगतो, ओरलला एक्स्टर्नलसमोर कधी झालो नाही इतका मी त्या प्रश्नासमोर गप्प झालो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी माझी बाजू मांडतो. बोलण्यात हेतूला काही किंमतच नाही, असं कुणी म्हणेल तर ते साफ चूक आहे. उलट हेतू कळल्याशिवाय भाषा चालतच नाही. आपण घरातून निघताना “जातो” म्हणत नाही, “येतो” म्हणतो. पूजेत नारळ फोडतो आणि म्हणतो ‘वाढवला’. शब्द एका दिशेला आणि अर्थ दुसऱ्या दिशेला, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. कारण बोलणाऱ्याला काय म्हणायचंय हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. आपल्या न्यायशास्त्रातल्या पंडितांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. त्यांचं नेहमीचं उदाहरण ‘सैंधव’ या शब्दाचं. संस्कृतात सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशातला घोडाही. जेवायला बसलेला माणूस “सैंधव आण” म्हणाला तर मीठ आणायचं, आणि बाहेर निघायच्या तयारीत असलेला म्हणाला तर घोडा. शब्द तोच. फरक बोलणाऱ्याच्या मनातला, आणि तो ओळखायचा प्रसंगावरून. याला त्यांनी तात्पर्य असं नाव दिलं. ताटासमोर घोडा आणून उभा करणाऱ्याला शब्द कळला, पण माणूस कळला नाही, असंच म्हणावं लागेल.

आपल्या हॉस्टेलचंच बघा ना. “ए गाढवा, जेवलास का?” यातलं गाढव म्हणजे शिवी नाही, माया आहे. हेच गाढव सीबीएसच्या गर्दीत अनोळखी माणसाला म्हणून बघा! उलटही होतं. शब्द अगदी स्वच्छ आणि हेतू घाणेरडा. महाभारतात युधिष्ठिर द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचं सांगतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलेलाच होता, म्हणजे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर! पण द्रोणांनी आपला मुलगा गेला असं समजून शस्त्र खाली ठेवावं, हाच त्यामागचा हेतू होता. म्हणून जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, अशी कथा आहे. कथा रचणाऱ्यानं शब्द तपासले नाहीत, हेतू तपासला. ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार आपण आजही त्याच अर्थानं वापरतो.

तर हेतू महत्त्वाचा, हे मान्य. मग माझा हेतू वाईट नव्हता, म्हणजे मी सुटलो का?

इथे आपलं इंजिनीअरिंग आडवं येतं. ई अँड टीसीवाल्यांना क्लॉड शॅनन माहीत असेल. 1948 साली त्यानं संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. सोर्स, ट्रान्समीटर, चॅनल, नॉइज, रिसीव्हर ही आपली नेहमीची आकृती तिथलीच. पण शॅननने सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली होती. संदेशाचा अर्थ काय, हा इंजिनीअरिंगचा प्रश्न नाही. इकडे पाठवलेली चिन्हं तिकडे जशीच्या तशी उमटली की काम झालं. त्याच्या कामापुरतं ते योग्यच होतं. पण आपल्या बाबतीत गंमत अशी की चॅनलमधून जातात ते फक्त शब्द, आवाज आणि चेहऱ्यावरचे भाव. हेतू नावाची गोष्ट तारेतून जातच नाही. ती पाठवणाऱ्याच्या डोक्यातच राहते. समोरच्याला मिळालेल्या सिग्नलवरून ती ताडावी लागते. त्यासाठी त्याच्याकडे काय असतं? आपले शब्द, आपला सूर, आपला आधीचा इतिहास, आणि आजूबाजूला कोण कोण हसतंय ते!

माझ्या पार्टनरकडे त्या रात्री काय होतं? एक निनावी चिठ्ठी, माईकवरचा परका आवाज आणि हसणारा अख्खा हॉल. माझा ‘चांगला हेतू’ त्यात कुठून दिसणार होता?

आता कुणी म्हणेल, समोरच्यानं आपल्याला हवा तसा अर्थ काढायचा आणि आपण मान खाली घालायची, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे. हेतू ठरवायचा कुणी आणि कशावरून, हा प्रश्न आपल्या नाशिकनं फार मोठी किंमत देऊन पाहिलेला आहे. 1909 च्या जूनमध्ये बाबाराव सावरकरांना नाशिकच्या कोर्टानं जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. आरोप काय, तर त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मराठी कविता. कवितांमध्ये वरवर पाहता देव होते, शिवाजी महाराज होते, जुना काळ होता. हायकोर्टानं त्याच वर्षी शिक्षा कायम करताना म्हटलं ते थोडक्यात असं, की ही नावं केवळ निमित्त आहेत, खरा रोख आजच्या सरकारवर शस्त्र उचला असं सांगण्याचा आहे. सरकारनं कविता चुकीची वाचली का? मला तर वाटतं, फार बरोबर वाचली! वाद अर्थाचा नव्हताच. तसं म्हणण्याचा हक्क पारतंत्र्यातल्या माणसाला आहे की नाही, हा होता.

त्याच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे 1908 चा टिळकांवरचा खटला वेगळा. ‘केसरी’तले लेख मराठीत आणि ज्युरीतल्या नऊजणांपैकी सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून जास्त बोलले. त्यातला एक मोठा मुद्दा भाषांतराचा होता. मराठी शब्दाला इंग्रजीत जो जळजळीत शब्द वापरलाय तो मूळचा नाहीच, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. ऐकायचं कुणी? सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, सहा वर्षं मंडाले. मी टॉवरला दुभाष्या लागतो म्हणून टाळ्या घेतल्या. दुभाष्यावर माणसाची सहा वर्षं अवलंबून होती, हे मला ठाऊक असूनही तेव्हा आठवलं नाही.

तिसरा प्रसंग 1916 चा. बेळगाव आणि अहमदनगरला होमरूलवर केलेल्या भाषणांबद्दल टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला गेला. हायकोर्टात त्यांच्या बाजूनं बॅरिस्टर जीना उभे राहिले आणि हा हुकूम रद्द झाला. न्यायमूर्तींनी पाहिलं ते असं : एखादं वाक्य सुटं काढून नव्हे, भाषण अख्खं वाचायचं आणि त्याचा एकूण परिणाम काय होतो ते बघायचं.

या तिन्ही गोष्टींतून मला जे दिसतं ते असं. कोर्टसुद्धा कुणाच्या छातीत डोकावू शकत नाही. हेतू ठरतो तो बाहेर आलेल्या शब्दांवरूनच. म्हणून ऐकणाऱ्यानं अख्खं ऐकावं, ही त्याची जबाबदारी. व्हॉट्सअॅपवरच्या एका वाक्याचा स्क्रीनशॉट काढून चार ग्रुपवर फिरवणाऱ्यांनी 1916 चा निकाल लक्षात ठेवायला हरकत नाही. पण अख्खं ऐकूनही अर्थ तोच निघत असेल, तर “मनात तसं नव्हतं” याला फारसा अर्थ उरत नाही.

आता हॉस्टेलवाल्यांच्या सगळ्यात जवळचा कायदा घ्या. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा 1999 साली झाला. अॅडमिशनच्या वेळी आपण सगळ्यांनी हमीपत्रावर सही केलेली असते, वाचलेलं कुणीच नसतं. मी हा कायदा यंदा पहिल्यांदा नीट वाचला. त्यातली रॅगिंगची व्याख्या बघा. ज्या वागण्यामुळे विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होते किंवा होऊ शकते, भीती वाटते, लाज वाटते, ओशाळवाणं होतं, ते रॅगिंग. चिडवणं आणि थट्टामस्करी यांचा उल्लेख त्यात थेट आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. या व्याख्येचा सगळा भर समोरच्याचं काय झालं यावर आहे. करणाऱ्याच्या मनात गंमत होती का, ओळख वाढवायची होती का, हे ती विचारत बसत नाही. यूजीसीच्या 2009 च्या नियमांतही परिणामाचीच भाषा आहे. 2016 मध्ये त्यात जात, धर्म, रंग यांच्याबरोबर माणूस कुठला आहे आणि कोणती भाषा बोलतो, यावरून केलेला छळही आला, मग तो ज्युनिअर असो वा नसो.

फिशपॉन्ड म्हणजे रॅगिंग, असं मी म्हणत नाही. पण कायदा करणाऱ्यांनी हेतूला बाजूला का ठेवलं असेल, याचा विचार करा. कारण सोपं आहे. सीनिअर आणि ज्युनिअरमध्ये, हॉल आणि एकट्या मुलामध्ये, ज्याच्या हातात जोर असतो त्याला आपला हेतू नेहमी चांगलाच वाटतो. “आम्ही तर ओळख करून घेत होतो,” हे वाक्य प्रत्येक बॅचला तोंडपाठ असतं.

वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. वर काम करताना माझ्या हातून पाना सुटला आणि खाली कुणाच्या पायावर पडला. मी मुद्दाम टाकला नाही, हे खरंच. मुद्दाम टाकला असता तर मी गुन्हेगार ठरलो असतो, आता फार तर निष्काळजी ठरेन. हा फरक मोठा आहे. पण बोट मोडायचं ते मोडलंच. मी खाली उतरून त्याला दवाखान्यात न्यायचं, की वरूनच “मुद्दाम नाही केलं रे!” असं ओरडत राहायचं? माझा दोष किती, हे हेतूवरून ठरेल. त्याची जखम किती, हे माझ्या हेतूवरून ठरत नाही. आपण बहुतेक वेळा या दोन गोष्टींची सरमिसळ करतो आणि दोष नाही म्हणजे जखमही नाही असं समजून चालू लागतो.

हे फक्त मुलांपुरतं नाही. सरांनी, मॅडमनी राग मानू नये, पण ओरलला एखाद्या पोराची बोबडी वळली की “कशाला आलास रे इंजिनीअरिंगला? गावाकडे शेती बरी होती की!” असं वाक्य कधी कधी कानावर येतं. बोलणाऱ्याचा हेतू पोरानं जिद्दीनं अभ्यास करावा हाच असतो, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्या वडिलांनी कांद्याचे पैसे आल्यावर फी भरलेली असते, त्याला त्या वाक्यात जिद्द ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतं की तू इथला नाहीस. मराठीच्या पुस्तकात आपण बहिणाबाई चौधरींच्या कविता शिकलो, त्या लेवा बोलीतल्या. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. पुस्तकात खानदेशची बोली आली की आपण ‘वा!’ म्हणतो, कॉरिडॉरमध्ये आली की फिशपॉन्ड लिहितो. (लेवा बोली आणि अहिराणी एक नव्हेत, हे मला पार्टनरनंच सांगितलं. तोवर मला ते सगळं एकच ‘गावाकडचं’ वाटत होतं. यातच सगळं आलं!)

आता मूळ प्रश्नाकडे. “मग कसं म्हणायचं होतं?”

मी बरेच दिवस विचार केला. त्याला दुखवायचा माझा हेतू नव्हता, हे शंभर टक्के खरं. पण मग हेतू होता तरी काय? त्याला हसवायचा होता का? नाही. त्याच्या बोलीचं कौतुक करायचं होतं का? अजिबात नाही. मला टाळ्या हव्या होत्या. चिठ्ठी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हॉल होता, तो नव्हताच. म्हणजे मी त्याच्याशी बोलतच नव्हतो, त्याच्यावरून दुसऱ्यांशी बोलत होतो. “तसं म्हणायचं नव्हतं” या वाक्यात आपण काय हेतू नव्हता ते सांगतो. जो होता तो सांगायची वेळ आली की गप्प बसतो. म्हणून पुढच्या वेळी ते वाक्य ओठांवर आलं की आधी स्वतःलाच पार्टनरचा प्रश्न विचारून बघा. उत्तर देता आलं तर खुशाल बोला.

मी त्याला हे सगळं गच्चीवर सांगितलं. ‘पण’ न लावता सॉरी म्हणालो. चित्रपटात होतं तसं काही झालं नाही. तो म्हणाला, “तू लिहिलंस त्याचं इतकं नाही रे. त्यानंतर मी मायशी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागलो. दोन दिवसांनी ती विचारते, ‘तुनी तब्येत बरी शे ना?’” आईला वाटलं पोरगं आजारी आहे! पुढे मला काही बोलता आलं नाही.

फिशपॉन्ड बंद करा, अशी मागणी मी करणार नाही. एकमेकांची खेचल्याशिवाय चार वर्षं काढायची म्हणजे शिक्षाच. पण यंदाच्या गॅदरिंग कमिटीला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं. वाचू नका हवं तर, पण कमिटीकडे असू द्या. निनावी चिठ्ठीला हेतू विचारायची सोयच नसते. दुसरी, ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याला ती आदल्या दिवशी दाखवा. “मग मजा काय राहिली?” असं विचाराल. आमच्या विंगमध्ये मागच्या महिन्यात एका वाढदिवसाला हे करून पाहिलं. दहातल्या तीन चिठ्ठ्या गळाल्या. उरलेल्या सातांना जे हसू आलं त्यात ज्याच्यावर चिठ्ठ्या होत्या तो सगळ्यात मोठ्यानं हसत होता.

आणि ऐकणाऱ्यांनाही एक विनंती. काही टोचलं तर मनात ठेवून गच्चीवर जाऊ नका. समोरच्याला सरळ विचारा, “तुला काय म्हणायचं होतं?” काही वेळा खरंच काही नसतं आणि दोन मिनिटांत विषय मिटतो. काही वेळा समोरचा माझ्यासारखा गप्प होतो. तेही बरंच असतं.

परवा रात्री साडेनऊला फोन वाजला. पार्टनर कॉटवरच बसून होता. गच्चीवर गेला नाही. मी शीट काढत होतो, मान वर केली नाही. बोलणं झाल्यावर त्यानं विचारलं, “काय कळलं?” मी म्हणालो, “निम्मं.” तो म्हणाला, “चालेल. सेमिस्टर अजून बाकी आहे.”

— टी. ई. मेकॅनिकल, बॉईज हॉस्टेल